तरुण संघाची वयाची अट

तुमचे आजोबा वयाच्या एकावन्नाव्या वर्षी आमच्या चर्चच्या तरुण संघाचे अध्यक्ष होते. हे वाचून तुम्ही हसणार, मला माहीत आहे. परवा फोनवर तुम्ही सांगत होता की तिकडे तुमच्या चर्चमध्ये महिन्यातला एक रविवार तरुण मुलंच सगळी उपासना चालवतात, आणि मग विचारलंत, "आजी, कोल्हापुरात असं काही होतं का?" फोनवर मी नुसतं "होतं" म्हणाले. पण ते आपोआप झालेलं नव्हतं, आणि ते घडवून आणणाऱ्यांत तुमची आई होती. ती स्वतः तुम्हाला हे सांगायची नाही. म्हणून मी क्रमाने लिहून ठेवते.

आधी आजोबांची बाजू सांगते, कारण त्यांच्यावर अन्याय व्हायला नको. ते बँकेत होते. कॉलेजात असताना तरुण संघात आले, तेव्हा संघ म्हणजे एक हार्मोनियम, एक सतरंजी आणि हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी मुलं. त्यांनी सायकली काढल्या. रविवारी दुपारी खेड्यांतल्या लहान ख्रिस्ती मंडळ्यांकडे जायचं, त्यांच्या देवळात (चर्चला तिकडे देऊळच म्हणतात) गाणी शिकवायची, उपदेश करायचा आणि अंधार पडायच्या आत परत यायचं, हा शिरस्ता त्यांनी घातला. लग्नानंतर सायकलची स्कूटर झाली, पण शिरस्ता तोच राहिला. दर वर्षी निवडणूक आली की कोणी तरी म्हणायचं, "आहेत तेच राहू देत, अनुभवी आहेत." टाळ्या वाजायच्या आणि पुढचं वर्ष सुरू व्हायचं. चिटणिसांच्या मुलाचं लग्न झालं होतं. खजिनदार स्वतः आजोबा झाले होते. आमच्याकडे ज्याला जे काम चांगलं जमतं, त्याला ते हातपाय चालेपर्यंत करू द्यायचं, अशी पद्धत होती. त्यात त्या माणसाचा मान राखला जातो असं सगळ्यांना वाटे.

अडचण एकच होती. संघात तरुण येईनासे झाले होते. शनिवारी संध्याकाळी चर्चच्या हॉलमध्ये सभा असे. एक गाणं, एक लांब प्रार्थना, मग कोणा वडीलधाऱ्यांचा त्याहून लांब उपदेश, आणि शेवटी चहा. राजारामपुरीत क्लासला गेलेली मुलं क्लास सुटल्यावर तिथेच कुठे तरी रेंगाळत आणि चहाच्या वेळेला बरोबर हजर होत. पुढे पुढे चहालाही येईनात. तेव्हा पंच कमिटीत, म्हणजे चर्चचा कारभार पाहणाऱ्या वडील मंडळींत, बोलणं सुरू झालं की तरुण संघ वेगळा ठेवायचा तरी कशाला? बंद करावा आणि त्याचं काम पंच कमिटीनेच पाहावं. ही गोष्ट आहे नव्वदच्या दशकाच्या मध्यावरची. तुमची आई तेव्हा कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला होती, आणि संघात नेमाने येणाऱ्या मोजक्या मुलामुलींपैकी एक होती.

संघाची वार्षिक सभा रविवारी उपासनेनंतर झाली. पंच कमिटीतर्फे एक निवृत्त हेडमास्तर येऊन बसले होते. अर्ध्या कोल्हापूरला त्यांनी गणित शिकवलं होतं आणि उरलेल्या अर्ध्याला छड्या मारल्या होत्या, असं लोक म्हणत. नेहमीप्रमाणे "आहेत तेच राहू देत" असा आवाज आला. टाळ्या सुरू व्हायच्या आधी तुमची आई उभी राहिली.

"अध्यक्षमहाराज, एक प्रश्न आहे. तरुण संघात तरुण कोणाला म्हणायचं?"

आपल्या वडिलांना अध्यक्षमहाराज म्हणणारी मुलगी मी तरी त्याआधी पाहिली नव्हती.

उत्तर हेडमास्तरांनी दिलं. "जो मनाने तरुण, तो तरुण. वयावर काही नसतं, बाळ."

"मग सर, तुम्हीही सभासद व्हा ना," ती म्हणाली. मागच्या रांगेतली मुलं हसली. हेडमास्तरांनी नुसतं वळून पाहिलं, आणि हसू जागच्या जागी थांबलं. तुमची आई मात्र बसली नाही. तिचं म्हणणं असं होतं की संघ बंद करण्याआधी एकदा तो तरुणांच्या हातात देऊन पाहावा. मे महिन्याचं पन्हाळ्याचं शिबिर आम्ही चालवू. आखणी आमची, स्वयंपाक आमचा, सगळं आमचं. मोठ्यांपैकी कोणी यायचं नाही.

हेडमास्तर म्हणाले, "आणि फसलं तर?"

"तर संघ बंद करा. आम्ही तोंड उघडणार नाही."

"लक्षात ठेवतो हं," ते म्हणाले. ते लक्षात ठेवणार याबद्दल कोणालाच शंका नव्हती.

त्या दिवशी आम्ही घरी जेवायला बसलो. मटणाचा रस्सा होता, पण कोणी दुसऱ्यांदा मागितला नाही. शेवटी आजोबा म्हणाले, "घरात बोलायला कमी मिळतं म्हणून सभेत बोललीस का?"

"घरात तुम्ही पप्पा असता," ती म्हणाली. "पप्पांबद्दल माझी काही तक्रार नाही."

त्यावर त्यांनी भात मागून घेतला, तेव्हा मला जरा हायसं वाटलं.

शिबिराची तयारी आमच्याच पुढच्या खोलीत झाली, म्हणून ती मी जवळून पाहिली. सात-आठ मुलंमुली रोज संध्याकाळी जमत. त्यांच्यात मंगळवार पेठेतली एक मुलगी होती, आईच्या शिवणकामाला हातभार लावून बारावी करणारी, तोंडाने फटकळ. शिबिराला खेड्यांतली मुलं आली पाहिजेत असा तिचाच हट्ट होता. "शहरातलीच जमवायची असली तर पन्हाळ्यापर्यंत कशाला मरायला जायचं? हॉल हाय की हितंच." मग ती मुलं एसटीने पार कर्नाटकाच्या सीमेलगतच्या मंडळ्यांपर्यंत जाऊन आली. माझी मुलगी परत आली ती उन्हाने काळवंडून आणि घसा बसवून. पण त्या गावांतल्या मुलामुलींनी येतो म्हणून सांगितलं होतं, आणि ती खरोखरच आली. पन्हाळ्यावरच्या एका शाळेची खोल्यांची रांग सुट्टीपुरती मिळाली होती. एकच गोष्ट मुलांनी जुन्या पद्धतीने ठेवली. रोजचे उपदेश करायला पुण्याचे एक नावाजलेले वक्ते बोलावले. तेवढ्यावर तरी हेडमास्तर खूश होतील, असा त्यांचा हिशेब होता.

शिबिराच्या पहिल्याच दिवशी सकाळी आमच्याकडे फोन आला. वक्त्यांच्या पत्नी बोलत होत्या. साहेबांना कावीळ झाली आहे, येणं शक्य नाही. त्या शाळेत फोन नव्हता, त्यामुळे मुलांना कळवायची सोय नव्हती.

आजोबांनी रिसीव्हर ठेवला आणि सरळ कपाटाकडे गेले. शर्ट बदलला. बायबल घेतलं, आणि आपले तीन तयार उपदेश त्यात घडी घालून ठेवले. मग शिबिराची पितळी घंटाही घेतली. ती अध्यक्ष म्हणून त्यांच्याकडेच असे, आणि मुलांनी ती मागितली नव्हती.

मी म्हणाले, "मोठ्यांनी यायचं नाही असं ठरलंय."

"वक्ताच नसेल तर दुपारपर्यंत पोरं तबक उद्यानात आइस्क्रीम खात फिरतील. मग हेडमास्तर आहेतच. तुला संघ बंद पडायला हवाय का?"

मला नको होतं. मी त्यांच्यामागे स्कूटरवर बसले, कारण मनात काही असलं की ते स्कूटर फार जोरात चालवत. वाघबिळाच्या चढाला ते म्हणाले, "तिला वाईट वाटेल." पुढच्या वळणावर म्हणाले, "पण इलाज नाही." दोन्ही वेळा मी त्यांच्या खांद्यावर नुसता हात ठेवला.

शाळेच्या फाटकात मंगळवार पेठेतली ती मुलगी उभी होती. एसटी स्टँडवर वाट पाहून मुलं परत आली होती. वक्ते येत नाहीत हे त्यांना एव्हाना कळून चुकलं होतं.

"सलाम काका, सलाम काकू," ती म्हणाली. तेवढं म्हणून फाटकाच्या मधोमध तशीच उभी राहिली.

"अगं, त्यांना कावीळ झालीय. फोन आला होता," आजोबा म्हणाले. "मी घेतो तीन दिवस. सांग सगळ्यांना बसायला."

"सगळी बसल्यात की. काम सुरू हाय."

"कोण बोलतंय आत?"

"समदीच बोलाय लागल्यात."

"बरं, सरक."

ती सरकली नाही. "काका, राग मानू नका. पर शिबिराला वयाची अट हाय. पंधरा ते पंचवीस."

ही अट आजोबांनीच काही वर्षांपूर्वी घातली होती. पन्हाळ्याची हवा आणि फुकटचं जेवण म्हटल्यावर चर्चमधले बरेच काका लोक शिबिराला येऊन दुपारभर झोपा काढत. तो प्रकार बंद करण्यासाठी त्यांनी कडक नियम केला होता.

"ती अट मीच घातलीय," ते म्हणाले.

"मग तर तुमाला पाठच असंल," ती म्हणाली, आणि त्यांच्या हातातली घंटा अदबीने काढून घेतली. "हे ब्येस केलंसा. जेवणासाठी पाहिजेच हुती. काकू, तुमी सैपाकघरात चला, पिठलं खालनं लागाय लागलंय. तुमाला अट न्हाई."

मी आत गेले. आजोबा व्हरांड्यात, वर्गाच्या उघड्या खिडकीशी उभे राहिले. पिठलं दुसऱ्या पातेल्यात काढून मीही त्यांच्याशेजारी येऊन उभी राहिले. पुढे जे झालं ते आम्ही दोघांनी तिथूनच ऐकलं.

आत मुलं गोल करून बसली होती, शहरातली आणि खेड्यांतली मुद्दाम मिसळून. तुमच्या आईने त्यांना शुभवर्तमानातली पक्षाघाती माणसाची गोष्ट दिली होती. गर्दीमुळे आत जाता येईना, म्हणून चार जण त्याची खाट छपरावर नेतात, छप्पर उघडतात आणि त्याला येशूपुढे खाली सोडतात, ती. मुलांनी ती गोष्ट आपल्याच गावात घडली असं समजून सांगायची होती.

सीमेकडच्या एका गावचा मुलगा सांगत होता, "आमच्याकडं पत्र्याचं छप्पर हाय. पत्रा काढायचा म्हंजी पाना लागतोय. आन घरमालक काय गप बसतोय व्हय?"

"येशू आत बसलाय म्हटल्यावर गप बसेल," शहरातला एक जण म्हणाला.

"तू आमचा मालक बघितला न्हाईस. येशूलाच म्हणंल, पावणं, पत्रा कोण बसवून देनार?"

सगळी हसली. तुमची आईही हसली, पण गोष्ट तिने सुटू दिली नाही. म्हणाली, "बरं, पत्रा निघाला. आता खाटेवर कोण आहे? तुमच्या गावात कोण असेल ते सांगा."

तो मुलगा म्हणाला, "आमचा थोरला भाऊ हाय की. ल्हानपनी पोलिओ झाला. आमच्या देवळाला उंच पायऱ्या हायत. आमी आत जातोय, त्यो भाईर बसतोय."

"दर रविवारी?"

"दर रविवारी. चपला राखतोय म्हणत्यात लोक. राखत न्हाई त्यो. त्याला आतलं ऐकाय येतंय तिथनं, म्हणून बसतोय."

माझ्या शेजारी आजोबांनी खिडकीच्या गजाला हात लावला. त्या देवळात ते सायकलवरून गेले होते, स्कूटरवरून गेले होते. याच पक्षाघाती माणसावर त्यांनी तिथे उपदेश केला होता. आणि उपदेश करून बाहेर पडताना, पायरीवर बसलेल्या त्या तरुणाला ते दर वेळी आठवणीने सलाम करत आणि चपला सांभाळल्याबद्दल त्याचे आभार मानत.

तुमच्या आईने त्यावर उपदेश केला नाही. डोळे मिटून प्रार्थना करू या, असंही म्हणाली नाही. तिने विचारलं, "पायऱ्या किती उंच आहेत? बाजूला जागा आहे का?" मग त्या मुलाने फळ्यावर देऊळ काढलं. शासकीय तंत्रनिकेतनात शिकणारा एक मुलगा उठला आणि उतार कसा बांधता येईल ते खडूने दाखवू लागला. कोणी म्हणालं, आमच्या गावात वाळू मिळते. कोणी म्हणालं, माझे वडील गवंडी आहेत, पण आधी त्यांना विचारावं लागेल. जेवणाची घंटा झाली तरी कोणी उठेना. शेवटी ती मंगळवार पेठेतली मुलगी घंटा घेऊन वर्गातच आली आणि सगळ्यांच्या कानाशी वाजवत फिरली.

आजोबा आत गेले नाहीत. ते माझ्याबरोबर स्वयंपाकघरात आले, बाकावर बसले आणि कांदे चिरू लागले. मुलं ताटं घेऊन आली, तेव्हा तुमच्या आईने त्यांना पाहिलं. तिचा चेहरा आधी पडला. मग तिचं लक्ष त्यांच्यापुढच्या कांद्याच्या ढिगाकडे गेलं.

"पप्पा, केव्हा आलात?"

"मघाशी," ते म्हणाले. "वक्ते येत नाहीत. एवढंच सांगायला आलो होतो."

बायबलातले तीनही उपदेश तसेच घडी घातलेले घेऊन आम्ही दुपारी घाट उतरलो. येताना त्यांनी स्कूटर हळू चालवली.

पुढचं थोडक्यात सांगते. शिबिर पार पडलं. सुट्टी संपायच्या आत ती सगळी मुलं त्या गावी गेली. एक बाजू चुकली म्हणून पाडून पुन्हा बांधावी लागली, पण उतार झाला. आजोबांनाही बोलावलं होतं, घमेली उचलायला. ते गेले आणि दोन दिवस पाठ धरून बसले. उतार वाळल्यानंतरच्या पहिल्या रविवारी त्या मोठ्या भावाला चाकांच्या खुर्चीवरून आत नेलं. त्याने सर्वांत पुढे बसायला साफ नकार दिला. म्हणाला, मला दाराशीच ठेवा, मला तिथनं सगळ्यांची तोंडं बघायची हायत. नंतर दर रविवारी तो आत, दाराशी बसू लागला.

मग खास सभा बोलावली गेली. आजोबा उभे राहिले आणि म्हणाले की ते अध्यक्षपद सोडत आहेत, आणि यापुढे पदाधिकाऱ्यांनाही शिबिराचीच अट लागू करावी, पंचविशी पूर्ण झाली की पद सोडायचं. चिटणीस आणि खजिनदार यांनी एकमेकांकडे पाहिलं. हेडमास्तरांनी हरकत घेतली, पण ती भलतीच होती. मुलांनी तुमच्या आईचं नाव सुचवलं होतं. ते म्हणाले, "काम चांगलं केलं, मान्य आहे. पण मुलीची जात. उद्या लग्न होऊन जाईल. मग संघाने काय करायचं?"

आमचे पाळकसाहेब, म्हणजे चर्चचे धर्मगुरू, फार कमी बोलत. ते म्हणाले, "सर, मीही दर चार-पाच वर्षांनी बदली होऊन जातो. मंडळी चालतेच की."

हेडमास्तरांनी विचार केला. मग म्हणाले, "तसं असेल तर माझी हरकत नाही," आणि मत द्यायला पहिला हात त्यांनीच वर केला. मला त्यांचं हे आजही आवडतं.

तुमची आई अध्यक्ष झाली. तिच्या काळात तरुणांनी चालवायची उपासना सुरू झाली, संडे स्कूल मुलामुलींच्या हातात आलं, आणि शनिवारची सभा चहाविना भरू लागली. हॉलमध्ये जागा पुरेना, तेव्हा शेजारच्या खोलीत शनिवारीच भरणाऱ्या पंच कमिटीच्या बैठकीचा दिवस बदलावा लागला. मी मागच्या बाकावर बसून पाहत असे. नोकरी लागल्यावर ती दमून यायची, आणि शनिवारी मात्र चप्पल न काढता तशीच हॉलकडे वळायची. मला अभिमान वाटायचा, आणि मी तो तिला कधी फारसा दाखवला नाही. आमच्या पिढीला तशी सवय नव्हती.

पण माझा सर्वांत मोठा अभिमान यानंतरचा आहे. दोन हजार साल मागे पडलं होतं. तिची पंचविशी पूर्ण झाली, तेव्हा सगळे म्हणू लागले, "आहेत त्याच राहू देत." तेच शब्द आणि तशाच टाळ्या. हेडमास्तर आता काठी घेऊन येत. तेही म्हणाले, "हिच्या बाबतीत अट शिथिल करावी." तुमची आई उभी राहिली आणि म्हणाली, "नको." कारण वगैरे काही सांगितलं नाही. मंगळवार पेठेतली ती मुलगी एव्हाना एका शाळेत शिक्षिका झाली होती, आणि अटीत बसायला तिची अजून वर्षं शिल्लक होती. तिची निवड झाली.

नव्या अध्यक्षांनी पहिल्याच महिन्यात पन्हाळ्याचं शिबिर रद्द केलं. शहरातून वर जाण्यापेक्षा दर वर्षी एकेका खेड्यात शिबिर घ्यायचं असं ठरवलं, आणि तुमच्या आईला त्याबद्दल अवाक्षर विचारलं नाही.

ती घरी आली आणि चपला भिरकावल्या. "मला निदान सांगायचं तरी. पन्हाळ्याला काय वाईट होतं?"

आजोबा पेपर वाचत होते. त्यांनी पेपर खाली घेतला. "जाऊन बोल तिच्याशी."

"बोलणारच आहे."

"बोल. ऐकून घेईल ती. तुझा मान ठेवते. कदाचित बदलेलही सगळं तुझ्यासाठी."

ती त्यांच्याकडे बघत राहिली. मग स्वयंपाकघरात माझ्याकडे आली, पाणी प्यायली आणि पोळ्या लाटू लागली. त्या दिवशीच्या पोळ्यांना कोणताही आकार नव्हता. पण ती बोलायला गेली नाही. त्या दिवशी नाही आणि पुढेही कधी नाही.

मे महिन्यात तिला त्या मुलीचा निरोप आला. स्वयंपाकाला माणूस कमी आहे, ताई, येशील का? ती ऑफिसातून रजा काढून गेली. तीन दिवस चुलीपुढे बसली. संध्याकाळी मुलं देवळात गोल करून बसत, तेव्हा ती मागच्या दारात भांडी घासत ऐकायची. कोणी विचारलं तरी ती आत गेली नाही आणि बोलली नाही. हे मला तिने सांगितलं नाही. नंतरच्या रविवारी उपासना सुटल्यावर त्या मुलीने येऊन सांगितलं, आणि घरी निघताना मी ते तुमच्या आजोबांना सांगितलं. ते त्या दिवशी स्कूटर चालू करायचीच विसरून बराच वेळ हँडल धरून उभे होते.